शोधणाऱ्याचा शब्द, लिहिणाऱ्याची जबाबदारी

दुखलेखुपले की माणूस सर्वप्रथम कोणाला विचारतो? आपल्या आजीच्या काळी तो घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारी, मग शेजारच्या आळीतल्या जाणत्या माणसाला आणि अगदीच नाइलाज झाला तर तालुक्याच्या डॉक्टरांना. हल्ली हा क्रम बदलला आहे. घोडेगावच्या कांदा बाजारात गोणी उतरवणारा हमाल असो, शिंगणापूरच्या फाट्यावर प्रवाशांची वाट पाहणारा रिक्षावाला असो किंवा आपल्याच महाविद्यालयाच्या व्हरांड्यातला विद्यार्थी असो, पोटात कळ आली की तो आधी खिशातला मोबाईल काढतो आणि त्याला विचारतो. यंत्र क्षणार्धात उत्तर देते. परंतु ते उत्तर यंत्राने लिहिलेले असतेच असे नाही. पुष्कळदा त्यामागे कोणीतरी माणूस असतो. एका लेखामागे ठरावीक रक्कम घेऊन घरबसल्या लिहिणारा.

दोन वर्षे मी अशा लिहिणाऱ्यांपैकी एक होते. शहरातील एका संस्थेसाठी मी आरोग्यविषयक मराठी लेख लिहून देत असे. पित्त, मुतखडा, कावीळ, केस गळणे, सांधे धरणे असे नाना विषय होते. लेख कसा असावा यापेक्षा तो शोधताना वर कसा यावा याचेच शिक्षण मला प्रथम मिळाले. या विद्येला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, संक्षेपाने एसइओ, म्हणतात. आपल्या भाषेत 'शोधानुकूल लेखन' म्हणावयास हरकत नाही. ही विद्या काय आहे, मराठीत ती वापरताना कोणत्या अडचणी येतात आणि आरोग्यासारख्या विषयात तिचा उपयोग कोठपर्यंत करावा, हे मला जे थोडेफार कळले ते या लेखात मांडण्याचा विचार आहे.

शोधयंत्र करते तरी काय?

पुष्कळांची अशी समजूत असते की आपण प्रश्न विचारला की यंत्र त्या क्षणी जगभर धावत जाऊन उत्तर शोधून आणते. वस्तुतः तसे नाही. यंत्राचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीत त्याचे हेर म्हणजे लहान लहान आज्ञावली एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुव्यांचा माग काढीत, अखंड फिरत असतात आणि दिसेल ते वाचीत असतात. दुसऱ्या पायरीत वाचलेल्याची सूची तयार होते. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते आणि त्यात शब्दापुढे पृष्ठांक दिलेले असतात, तशीच ही सूची, फक्त अब्जावधी पानांची. तिसरी पायरी म्हणजे क्रम लावणे. 'कावीळ' हा शब्द हजारो पानांवर असेल, तर त्यातले पहिले कोणते दाखवायचे?

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी गूगलची स्थापना केली, ती या तिसऱ्या पायरीवरील एका कल्पनेच्या बळावर. एखाद्या पानाकडे इतर किती पानांनी बोट दाखवले आहे आणि बोट दाखवणारी पाने स्वतः किती भारदस्त आहेत, यावरून त्या पानाचे वजन ठरवायचे, अशी ती कल्पना. प्राध्यापकवर्गाला ती परकी वाटू नये. ज्या प्रबंधाचा संदर्भ अनेक चांगले प्रबंध देतात तो प्रबंध महत्त्वाचा, हाच न्याय येथे लावलेला आहे. पुढे या एका निकषात शेकडो गोष्टींची भर पडली. पान मोबाईलवर नीट दिसते का, लवकर उघडते का, मजकूर विचारलेल्या प्रश्नाला धरून आहे का, असे अनेक निकष आले.

जेथे क्रम आला तेथे पुढे घुसण्याची युक्तीही आली. आरंभीच्या काळात लेखक एकच शब्द पन्नास वेळा लिहीत. 'कावीळ उपाय शोधत असाल तर कावीळ उपाय म्हणून हे कावीळ उपाय करा' अशा धर्तीची वाक्ये आजही मराठीत सापडतात. यंत्राने त्यावर तोडगे काढले. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलने 'पांडा' नावाची सुधारणा आणली आणि उथळ, उसना मजकूर खाली ढकलला. २०१२ च्या एप्रिलमध्ये 'पेंग्विन' आणून विकतच्या दुव्यांना चाप लावला. आता शब्दांची अशी खिरापत वाटणे हा उघड दोष मानला जातो. तरीही एक गोष्ट बदललेली नाही. शोधणारा ज्या शब्दाने विचारतो तो शब्द लेखात नसेल, तर लेख त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता फारच कमी.

विचारणाऱ्याची भाषा

म्हणून या विद्येचा पहिला धडा व्याकरणाचा नाही की संगणकाचाही नाही. तो ऐकण्याचा आहे. आपण पाठ्यपुस्तकात 'मधुमेह' वाचतो, पण वस्तीवरचा माणूस 'मला शुगर आहे' किंवा 'साखर वाढली' असे म्हणतो. 'उच्च रक्तदाब' कोणी म्हणत नाही, 'बीपी' म्हणतात. 'आम्लपित्त' हे बाटलीवरच्या चिठ्ठीवर असते, बोलण्यात 'पित्त खवळले' किंवा 'ॲसिडिटी झाली' असेच येते. 'धाप लागते', 'चक्कर येते', 'अंगावरून पांढरे जाते', 'हातापायाला मुंग्या येतात' ही लोकांची लक्षणे सांगण्याची भाषा आहे आणि लोक याच भाषेत मोबाईललाही विचारतात. २०१७ साली गूगलच्या ध्वनिलेखनात मराठीचा समावेश झाला. तेव्हापासून ज्यांना टंकलेखन जमत नव्हते अशी वडीलधारी मंडळीही फोनशी बोलू लागली आणि प्रश्न तुटक शब्दांऐवजी अख्ख्या वाक्यांनी येऊ लागले. 'लहान बाळाला रात्री खोकला येतो काय करावे' अशी ती वाक्ये असतात.

हे शब्द शोधायला महागडी साधने लागतात असे नाही. शोधाच्या चौकटीत पहिले दोन शब्द लिहून थांबावे. यंत्र पुढची वाक्ये सुचवते, ती बहुतांशी लोकांनी विचारलेलीच असतात. निकालाच्या पानावर 'लोक हेही विचारतात' अशा अर्थाची प्रश्नांची पेटी बऱ्याचदा असते, तीही वाचावी. पण सर्वांत चांगले साधन म्हणजे सोमवारच्या दवाखान्याच्या रांगेत तासभर बसणे.

काही वेळा लोकांचा शब्द यंत्राला भलतीकडे नेतो. 'नागीण' हे त्याचे उत्तम उदाहरण. अंगावर एका बाजूला पुरळांचा पट्टा उठतो त्या रोगाला आपण नागीण म्हणतो. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरात दबून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा डोके वर काढतो, हे त्याचे कारण. नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो ही समजूत निराधार आहे. औषध मात्र पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर विशेष गुण येतो. आता यंत्राला नुसते 'नागीण' विचारले तर साप येतो नाहीतर दूरदर्शन मालिका येते. म्हणून शीर्षकात 'नागीण रोग' किंवा 'अंगावर नागीण उठणे' असा अर्थ बांधून टाकणारा शब्दप्रयोग करावा लागतो.

याहून अवघड उदाहरण सर्पदंशाचे आहे. आपल्याकडे रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेत नाहीत. 'त्याला पान लागलं' असे म्हणतात. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही याचा अर्थ कळतो. यंत्राला मात्र यात झाडाचे पान दिसते. माझ्या माहितीच्या वाक्प्रचारांत जीवनमरणाशी इतका जवळचा दुसरा नाही, आणि सर्पदंशावरचे जे मराठी लेख मी पाहिले त्यांपैकी एकातही मला तो आढळला नाही.

मराठीच्या खास अडचणी

इंग्रजीसाठी तयार झालेले नियम मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पहिली अडचण विभक्तीची. इंग्रजीत रोगाचे नाव वाक्यात कोठेही आले तरी सहसा तसेच राहते. आपल्याकडे विंचू विंचवाचा होतो, मुतखडा मुतखड्यावर जातो. कावीळ तर 'काविळीवर' होताना आपली दीर्घ वेलांटीही ऱ्हस्व करून घेते. यंत्र आता पुष्कळ शहाणे झाले असले तरी त्याच्या भरवशावर राहू नये. मूळ रूप आणि सामान्यरूप दोन्ही लेखात ओघाने यावीत. शीर्षकात 'कावीळ म्हणजे काय' असेल तर उपशीर्षकात 'काविळीवर उपचार' असावे.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. लोक 'कावीळ' लिहितात तसे 'कावीळा', 'काविळ' असेही लिहितात. अशी चुकीची रूपे लेखात पेरावीत, असा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, आणि मराठीच्या विद्यार्थ्याने मानू नये. किरकोळ चुका यंत्र स्वतःच समजून घेते. त्याशिवाय अनेक जण मराठी शब्द रोमी लिपीत लिहितात आणि एकाच शब्दाची तीन-चार रूपे करतात. त्याला आपल्या हाती फारसा इलाज नाही.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'ॲसिडिटी' या शब्दातले पहिले अक्षर संगणकावर निदान तीन प्रकारे उमटवता येते. कागदावर ती जवळजवळ सारखी दिसतात, यंत्राच्या लेखी ती वेगळी असतात. कारण हे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्यापूर्वी प्रत्येकाने आपापली सोय लावली होती. तीच गत 'दुसऱ्या' शब्दातल्या अर्ध्या र ची. म्हणून एक पद्धत निवडून लेखभर तीच पाळावी.

चौथी अडचण सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज सुटणारी आहे. आपल्याकडील कितीतरी उत्तम मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत जुळवलेला असतो किंवा छायाचित्राच्या रूपात चढवलेला असतो. आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकाचा फोटो माणसाला वाचता येतो, परंतु यंत्राच्या हेराला त्यात रंगांचे ठिपके दिसतात. हल्ली चित्रातली अक्षरे ओळखण्याची कला यंत्राला साधली आहे, तरी शोधात वर यायला तेवढे पुरत नाही. चित्राबरोबर त्याचे वर्णन देवनागरीत लिहून जोडावे. या सोयीला 'ऑल्ट टेक्स्ट' म्हणतात आणि अंध वाचकांच्या वाचनयंत्रालाही ती उपयोगी पडते.

लेखाची बांधणी

आता प्रत्यक्ष लेखाविषयी थोडक्यात. शीर्षक सात-आठ शब्दांचे असावे आणि लोकांचा शब्द त्यात शक्य तितका आधी यावा. मोबाईलच्या अरुंद पडद्यावर लांब शीर्षक मध्येच कापले जाते. पानाचा पत्ता लहान आणि रोमी लिपीत द्यावा, कारण देवनागरी पत्ता दुसरीकडे चिकटवला की पुष्कळदा त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते. पहिल्या परिच्छेदातच प्रश्नाचे उत्तर द्यावे. आपण कला शाखेचे विद्यार्थी प्रस्तावना लिहिण्यात पटाईत असतो, परंतु पोट धरून बसलेल्या माणसाला प्रस्तावना नको असते. मग उपशीर्षके प्रश्नरूपाने द्यावीत आणि प्रत्येकाखाली चार-पाच ओळींत उत्तर द्यावे. एका लेखात एकच विषय घ्यावा. आपल्या दुसऱ्या संबंधित लेखाकडे आणि विश्वासू संस्थांच्या पानांकडे दुवे द्यावेत. लेखाखाली लिहिणाऱ्याचे नाव, तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव व पात्रता आणि तपासल्याची तारीख असावी.

हे सगळे मी शिकले, आणि माझे लेख वर येऊ लागले. काविळीवरचा माझा लेख काही आठवडे पहिल्या पानावर होता. त्यात मी 'दहा घरगुती उपाय' दिले होते. कावीळ हा स्वतंत्र रोग नसून यकृताच्या निरनिराळ्या आजारांचे लक्षण आहे, दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप उतरते पण गर्भवती स्त्रीला ती जीवघेणी ठरू शकते, ही माहितीही त्यात होती. फक्त ती नवव्या परिच्छेदात होती. उपायांची यादी लोक शोधतात, म्हणून यादी वर घ्या, अशी मला सूचना होती.

विंचू

गेल्या वर्षी उन्हाळ कांद्याची काढणी चालली असताना आमच्या वस्तीवर एक प्रसंग घडला. संध्याकाळी चाळीशेजारचे दगड हलवताना माझ्या चुलत्यांच्या हाताला विंचू चावला. चुलत भावाने फोन तोंडाजवळ धरून विचारले, 'विंचू चावल्यावर काय करावे?' लगोलग उत्तर आले.

"ताई, हे बघ, यात लिहिलंय, कांदा कापून चोळायचा अन् तुरटी उगाळून लावायची."

"मग लाव की पटकन, बघत काय बसलास?" चुलती म्हणाली.

मीही तेथेच होते. तो लेख माझा नव्हता, पण त्याची घडण मला पाठ होती. दहा उपाय, प्रत्येकाला चार ओळी, शेवटी 'अधिक त्रास झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा'. माझ्या काविळीच्या लेखाचाच तो साचा. खरे सांगायचे तर तेव्हा मीही गप्प राहिले, कारण विंचवाच्या बाबतीत मलाही काही माहीत नव्हते. कांदा चोळला, तुरटी लावली. पाऊण तासाने तात्यांना दरदरून घाम सुटला, दोनदा उलटी झाली आणि हातपाय गार पडले. मग मात्र गाडी काढली.

डॉक्टरांनी तपासून गोळी दिली आणि रात्रभर लक्ष ठेवले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते, "किती वाजता चावला?" आणि "मधल्या वेळात काय केलंत?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "नुसतं दुखतंय याची मला फार काळजी नसते. घाम, उलटी अन् गार हातपाय ही खरी खूण. ती दिसायच्या आत आणलं असतंत तर बरं झालं असतं." तात्या दुसऱ्या दिवशी घरी आले. पोर असते तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री आमच्यापैकी कोणीच बोलून दाखवला नाही.

नंतर मी त्या गोळीविषयी वाचले. तिचे नाव प्राझोसिन, आणि ती मुळात रक्तदाबाची गोळी आहे. आपल्याकडील लाल विंचवाचे विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर घाला घालते आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साठून रोगी दगावतो. रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या अशा रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली. लाल विंचवाच्या दंशाची लक्षणे सांगणारे त्यांचे टिपण १९८२ साली 'लॅन्सेट' या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे त्यांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण या उपचाराने अगदी थोड्यावर आले. विंचवावरची प्रतिलस आणि ही गोळी एकत्र दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, हे दाखवणारा त्यांचा अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे वाचून मला जे वाटले तेच या लेखाचे सार आहे. विंचवावरचा खरा उपाय कोठे परदेशात सापडलेला नाही. तो मराठी माणसाने, महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी, आपल्यासारख्याच शेतकऱ्यांवर उपचार करताना शोधला. तरीही माझ्या चुलत भावाला मोबाईलवर कांदा सापडला, प्राझोसिन सापडले नाही. कारण सरळ आहे. खरे ज्ञान इंग्रजीत आणि 'दंश', 'विषबाधा', 'प्राझोसिन' अशा शब्दांत लिहिलेले होते, ते शब्द वस्तीवर कोणी विचारत नाही. खोटा उपाय मात्र 'विंचू चावल्यावर काय करावे' या नेमक्या वाक्याखाली मांडून ठेवला होता. शास्त्र म्हणेल, विंचू चावत नाही, नांगी मारतो. बरोबर आहे. पण शीर्षकात 'चावल्यावर' असेच लिहिले पाहिजे, आणि नांगीची गोष्ट खाली सांगितली पाहिजे.

शब्द लोकांचा, उत्तर शास्त्राचे

तेव्हा शोधानुकूल लेखन ही विद्या वाईट नाही. ती वाटाड्याचे काम करते, आणि वाटाडा कोठे नेतो त्यावर त्याची किंमत ठरते. आपल्याच तालुक्यात, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत आणल्याने तो उणावला नाही. आरोग्याच्या लेखकाचे काम त्यापुढे फारच लहान आहे, परंतु दिशा तीच असावी.

खुद्द शोधयंत्राचे चालकही हल्ली असेच म्हणतात. गूगलच्या मार्गदर्शिकेत 'तुमचा पैसा किंवा तुमचा जीव' या नावाने एक वर्ग केलेला आहे. ज्या विषयात चुकीच्या माहितीने माणसाचे आरोग्य किंवा संसार बुडू शकतो, ते विषय या वर्गात येतात आणि त्यांना अधिक कडक कसोटी लावली जाते. तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या तीन कसोट्यांत डिसेंबर २०२२ मध्ये प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. परीक्षक माणसे या कसोट्यांवर निकाल तपासून पाहतात. त्यांच्या गुणांनी एखादे पान थेट वरखाली होत नाही, पण यंत्राची पद्धत बरोबर चालली आहे की नाही ते त्यावरून पारखले जाते. ऑगस्ट २०१८ मधील एका मोठ्या बदलाने तर जगभरातील आरोग्यविषयक पानांची इतकी उलथापालथ झाली की लोकांनी त्याला 'मेडिक' असेच नाव ठेवले. मराठीत मात्र चांगली पानेच थोडी असल्यामुळे यंत्राला निवड करायला फारसा वाव राहत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

कायद्याचीही एक बाजू आहे. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मधुमेह, कर्करोग, अपस्मार, मुतखडा अशा अनेक रोगांवर हमखास औषध असल्याच्या जाहिरातींना बंदी केलेली आहे. लेखाच्या मिषाने औषध खपवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

शिवाय आता नवी गोष्ट आली आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल काही प्रश्नांना निकालांच्या वर स्वतःच रचलेले उत्तर दाखवते. ते उत्तर निरनिराळ्या पानांवरील मजकुराचा गोषवारा असते. म्हणजे वाचणारा आपल्या पानापर्यंत येवो न येवो, आपण लिहिलेली चूक दुसऱ्याच्या तोंडून त्याच्या कानावर पडू शकते. नवव्या परिच्छेदातली सावधगिरीची सूचना गोषवाऱ्यात टिकेलच याची खात्री नाही. म्हणून जे सर्वांत महत्त्वाचे ते पहिल्या दोन वाक्यांत आलेच पाहिजे.

या विचाराने मी विंचवावर नव्याने लेख लिहिला. शीर्षक दिले, 'विंचू चावल्यावर काय करावे? ही लक्षणे दिसली तर तातडीने दवाखाना'. पहिल्या परिच्छेदात घाम, उलटी, गार हातपाय या खुणा, लहान मुलाला चावल्यास खुणांची वाट न पाहता रुग्णालयात नेण्याची सूचना आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक. 'विंचू चावल्यावर घरगुती उपाय' हे उपशीर्षकही मी ठेवले, कारण लोक तेच विचारणार. त्याखाली लिहिले की जखम साबणाच्या पाण्याने धुवा, अंगठी-बांगडी काढून ठेवा, रोग्याला धीर द्या, कापू नका, करकचून बांधू नका, आणि यापलीकडे घरी करण्यासारखे काही नाही. सर्पदंशाचा वेगळा लेख लिहिला, त्यात 'पान लागणे' हा शब्द घातला आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिलस चालते, म्हणून साप मारून आणण्यात वेळ घालवू नये, हे सांगितले. दोन्ही लेख एका डॉक्टरांकडून तपासून घेतले.

संस्थेकडून विंचवाचा लेख परत आला. 'उपाय फार कमी आहेत, किमान दहा हवेत' असा शेरा होता. लेखामागे मिळणाऱ्या पैशांतून माझे येण्याजाण्याचे भाडे आणि पुस्तके सुटत होती, त्यामुळे निर्णय सोपा नव्हता. पण दहा उपाय मला सापडत नव्हते, कारण ते नव्हतेच. मी ते काम सोडले आणि दोन्ही लेख स्वतःच्या लहानशा पानावर चढवले. काविळीचा जुना लेख बदलून देण्याची विनंती केली आहे, तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.

माझे लेख पहिल्या क्रमांकावर आलेले नाहीत. विंचवाचा लेख हे लिहीत असताना दुसऱ्या पानावर आहे. नव्या पानाकडे बोट दाखवणारे कोणी नसते, हे त्याचे कारण. या कामी आपल्या सर्वांची मदत होण्यासारखी आहे. आपल्या महाविद्यालयात नेवासा, राहुरी, शेवगाव, पाथर्डीकडचे विद्यार्थी येतात. प्रत्येकाच्या गावी दुखण्याला, तापाला, बाळंतिणीच्या त्रासाला, जनावरांच्या आजारालाही वेगळे शब्द आहेत. हे शब्द कोशात असतीलच असे नाही आणि यंत्राला तर ठाऊक नाहीतच. सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीला, दाईला, आशाताईंना विचारून असे दहा-दहा शब्द टिपून आणावेत आणि मराठी विभागात द्यावेत. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर त्यांचा एक छोटा कोश होईल, आणि तो युनिकोडमध्ये चढवला तर शोधणाऱ्याला सापडेलही. माझ्याकडून पहिला शब्द 'पान लागणे' हा मी दिलेलाच आहे.